लंडन सोडताय? आधी तिसऱ्या नंबरची शाळा बघा

परवा परत एकीचा मेसेज आला. ताई, मुलगी यिअर फोरमधे (आठ-नऊ वर्षांची) आहे, फ्लॅट आता पुरत नाही, लंडन सोडायचंय, सेकंडरीसाठी (यिअर सेव्हनपासूनची मोठी शाळा) सगळ्यात बेस्ट एरिया कुठला ते सांग ना. या वर्षातला हा पाचवा नाहीतर सहावा मेसेज असेल. प्रत्येकीला वेगवेगळं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतेय, लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

पहिलं म्हणजे "चांगली सेकंडरी मिळावी म्हणून लंडन सोडतोय" हे वाक्यच मला पटत नाही. आपण इथे आलो तेव्हा कुणीतरी कानात घातलेलं असतं की लंडनच्या सरकारी शाळा म्हणजे काही खरं नाही, आणि एकेकाळी ते बऱ्यापैकी खरंही होतं. पण २००३ मधे लंडन चॅलेंज ही शाळा सुधारायची सरकारी योजना सुरू झाली, त्यानंतर चित्र बदलत गेलं, आणि आज इंग्लंडच्या विभागांमधे जीसीएसईत (सोळाव्या वर्षीची बोर्डाची परीक्षा) लंडन सगळ्यात पुढे आहे. गरीब घरातल्या मुलांच्या बाबतीत तर फारच पुढे. त्यात लंडनमधे मुलंच कमी होत चाललीत, कित्येक बरोंमधे (लंडनचे प्रशासकीय भाग) प्रायमरी शाळा बंद नाहीतर एकत्र कराव्या लागल्यात, तीच कमी मुलं उद्या सेकंडरीत येणार. तेव्हा घरासाठी सोडा, मागच्या अंगणासाठी सोडा, नवऱ्याला स्वतंत्र खोलीत मीटिंग घेता यावी म्हणून सोडा (आमचं मुख्य कारण हेच होतं, उगाच खोटं कशाला बोलू), पण शाळेच्या नावावर बिल फाडू नका.

आता आमची गोष्ट. मुलगी यिअर फाइव्हला असताना आम्ही घरं बघायला लागलो. नवऱ्याने एक्सेल केली होती, त्यात गावं, ट्रेनचा वेळ, शाळेचे रिझल्ट, सगळं. पहिल्या नंबरावर एक गाव होतं, नाव नाही सांगत, तिथली एक शाळा म्हणजे अक्षरशः लोकांनी देव्हाऱ्यात ठेवलेली. घर आवडलं, किचनमधून झाडं दिसत होती, एजंट म्हणाला कॅचमेंटमधेच (ज्या भागातल्या मुलांना शाळा मिळते तो) आहे हो, काळजीच नको. घरी येऊन मी कौन्सिलच्या साइटवर त्या शाळेचं मागच्या वर्षीचं लास्ट डिस्टन्स ऑफर्ड काढलं, म्हणजे शेवटची सीट ज्या मुलाला मिळाली त्याचं घर शाळेपासून किती लांब होतं ते. आमचं घर त्याच्या बाहेर. फार नाही, थोडंसंच. मग त्याच्या आधीच्या चार वर्षांचे आकडे काढले तर दरवर्षी वर्तुळ आक्रसत चाललेलं. एजंटचं कॅचमेंट म्हणजे बहुतेक त्याने स्वतः पेन्सिलने काढलेलं असावं.

तरी आमचं मन ऐकेना. अपील करू, वेटिंग लिस्टवर राहू, बघू. तेव्हा माझ्या ऑफिसमधली एक जण, तीन मुलं वाढवलेली बाई, तिने एकच प्रश्न विचारला, की ती नाही मिळाली तर त्या गावात मग कुठली मिळते? आम्हाला माहीतच नव्हतं! एक्सेलमधे प्रत्येक गावाची एकच शाळा होती, सगळ्यात वरची. दुसरी बघितली तर ती आमच्या पत्त्यावरून मिळण्यासारखी नव्हती, आणि तिसरी, जिथे जागा नेहमी शिल्लक असतात ती, बघून आल्यावर नवरा गाडीत बराच वेळ काही बोललाच नाही. ते घर सोडलं. मला अजून ते किचन आठवतं, असो.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते की गावातली सगळ्यात चांगली शाळा बघू नका, तुमच्या पत्त्यावर सगळ्यात वाईट कुठली पदरात पडू शकते ती बघा. ती चालत असेल तर गाव चांगलं. आम्ही शेवटी हर्टफर्डशरमधल्या ज्या गावात आलो तिथे एकही शाळा पेपरात नाव यावं अशी नाही, पण आवाक्यातल्या तिन्ही शाळा बघून मी निवांत झोपले. आणि झालं काय, २०२४ ची १ मार्च, शुक्रवार, सेकंडरीच्या ऑफरचा दिवस, सकाळी पोर्टल उघडलं तर पहिली पसंती नाहीच मिळाली. त्या वर्षी म्हणे भावंडंच खूप निघाली. दुसरी मिळाली. शेजारच्या गावातली माझी मैत्रीण त्याच दिवशी किचनमधे बसून रडत होती आणि मी डबा भरत होते, फरक फक्त एवढाच की आम्ही आधी दुसरी शाळासुद्धा पाहून ठेवली होती.

हा भावंडांचा प्रकार नीट समजून घ्या. शाळेला अर्ज जास्त आले की ठरलेल्या क्रमाने जागा भरतात. ज्यांच्या इएचसीपीमधे (विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीचा कौन्सिलचा प्लॅन) शाळेचं नाव आहे ती मुलं, मग कौन्सिलच्या देखरेखीखालची मुलं, मग बहुतेक ठिकाणी भावंडं, मग अंतर, चर्चच्या शाळा असतील तर त्यांचे नियम वेगळेच. अंतरसुद्धा कुणी सरळ रेषेत मोजतं, कुणी चालायच्या रस्त्याने. हे सगळं प्रत्येक शाळेच्या ॲडमिशन पॉलिसीत लिहिलेलं असतं, दोन-चार पानं असतात, पण लोक घराच्या सर्व्हेवर पैसे घालतात आणि ही फुकटची पानं वाचत नाहीत. आणि फॉर्मवर पहिली पसंती अमुकच लिहा नाहीतर शाळेला राग येतो, हे जे ग्रुपवर फिरतं ना, ते साफ चुकीचं आहे. शाळेला तुमचा क्रम कळतच नाही. मनापासून जी हवी ती वर लिहा, पण शेवटची ओळ अशा शाळेची ठेवा जी नक्की मिळेल. तशी ठेवली नाहीत आणि लिहिलेली एकही मिळाली नाही, तर जिथे जागा शिल्लक असेल ती शाळा कौन्सिल देते.

आता ग्रामर, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळा. आपल्या लोकांना परीक्षा दिसली की अंगात येतं, मला पण आलं होतं. पूर्ण इंग्लंडमधे ग्रामर शाळा १६३, आणि १९९८ च्या कायद्याने नवीन काढता येत नाहीत. केंटमधल्या सेव्हनोक्सला एकही नव्हती, शेवटी २०१५ मधे टनब्रिजच्या शाळेचं ॲनेक्स, म्हणजे शाखा, म्हणून मंजूर करून घ्यावी लागली. केंट आणि बकिंगहॅमशरमधे जवळजवळ सगळा जिल्हाच या पद्धतीवर चालतो, म्हणून लोक तिकडे धावतात. पण जिथे ग्रामर आहे तिथे उरलेल्या शाळा कॉम्प्रिहेन्सिव्ह (सगळ्या प्रकारची मुलं असलेल्या) राहत नाहीत हो, वरची साय काढून घेतलेलं दूध असतं ते. बहुसंख्य मुलं ग्रामरला जात नाहीत, ती त्या दुसऱ्या शाळांमधे जातात, आणि दहा वर्षांच्या पोराचा एक दिवस वाईट गेला की तुमचं पोरही त्यातच. तिथल्या काही नॉन-सिलेक्टिव्ह शाळा खरंच छान आहेत, मी दोन बघितल्या, पण तुम्ही बघितल्यात का? इलेव्हन प्लस (ग्रामरची परीक्षा) पास होणारच असं धरून बकिंगहॅमशरमधल्या आमरशमला घर घेणारे मला तीन जण माहीत आहेत, त्यातल्या दोघांचं जमलं. बकिंगहॅमशरमधे १२१ मार्क लागतात, आणि ते मिळाले तरी सीट मिळेलच असं नाही, फक्त पात्र ठरता. मोठा पास झाला आणि धाकटी नाही, असंही एक घर आहे, तिथे मी हा विषय काढत नाही.

परीक्षा असते यिअर सिक्सच्या सप्टेंबरमधे, केंटचं रजिस्ट्रेशन त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात बंद झालेलं असतं. म्हणजे यिअर सिक्सच्या ऑक्टोबरमधे घर बदललं तर बहुतेक वेळा गाडी गेलेली असते. हां, लंडनमधे राहूनही परीक्षा देता येते, बरोच्या हद्दीवरून कौन्सिल कुणाला डावलू शकत नाही, हे १९८९ मधे कोर्टात ठरलंय, पण अंतराच्या नियमात बसायला लागतं, तिथे गाडी अडते. आणि नावावर जाऊ नका. वॉटफर्डच्या शाळांच्या नावात ग्रामर आहे पण त्या थोड्याच जागा परीक्षेने भरतात. उलट मिल्टन कीन्स नकाशात बकिंगहॅमशर वाटतं, तिथे कौन्सिल वेगळं आणि ग्रामर नाहीत. विंडसरला तर फर्स्ट, मिडल, अप्पर अशी तीन टप्प्यांची पद्धत आहे, म्हणजे मोठी शाळा यिअर नाइनला बदलते. सातवीला बदलणार या हिशोबाने गेलात की गोंधळ.

ऑफस्टेड, म्हणजे शाळांची सरकारी तपासणी करणारी संस्था, तिच्याबद्दल दोनच वाक्यं. गेटवर आउटस्टँडिंगचा (त्यांचा सगळ्यात वरचा शेरा) बोर्ड दिसला की आधी तारीख बघा, कारण २०१२ ते २०२० आउटस्टँडिंग शाळांना नेहमीच्या तपासणीतून सूटच होती, हेड बदलला, निम्मे शिक्षक गेले तरी बोर्ड तिथेच. आता तर सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना तो एक शब्द देणंच बंद झालंय, नोव्हेंबर २०२५ पासून रिपोर्ट कार्ड आलंय, त्यामुळे जुन्या शब्दाची आणि नव्या कार्डाची तुलना करत बसू नका. प्रोग्रेस ८ हा मला त्यातल्या त्यात आवडणारा आकडा होता, शाळेने मुलाला किती पुढे नेलं ते सांगतो, नुसते हुशार पोरं गोळा केली की वर जात नाही. पण कोविडमधे यिअर सिक्सच्या सॅट्सच (प्रायमरीच्या शेवटच्या परीक्षा, ज्यांच्याशी तुलना करतात) झाल्या नाहीत म्हणून २०२५ आणि २०२६ च्या बॅचचा तो काढताच येत नाही. जुने बघा, निदान तीन वर्षांचे.

तारखा मात्र पाठ करा. ३१ ऑक्टोबर ही सेकंडरीच्या फॉर्मची शेवटची तारीख. नवीन पत्ता धरायला कौन्सिल पुरावा मागते, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज झालेलं (घराचा व्यवहार पक्का झालेला) नाहीतर सही केलेलं टेनन्सी ॲग्रीमेंट. ऑफर ॲक्सेप्ट झालीये, सॉलिसिटर काम करतोय, हे चालत नाही. आमची चेन (एकमेकांवर अवलंबून असलेले घरांचे व्यवहार) दोनदा तुटली, मी उन्हाळाभर सॉलिसिटरच्या रिसेप्शनिस्टशी नवऱ्यापेक्षा जास्त बोलले असेन. शाळेजवळ सहा महिने भाड्याने राहून मग लांब घर घ्यायचं हा जुना उपाय आता फार ठिकाणी पकडतात, खोट्या पत्त्यावर मिळालेली सीट काढून घेतात, त्या फंदात पडू नका.

आणि जे म्हणतात की आत्ता राहू दे, यिअर एट-नाइनला शिफ्ट होऊ, त्यांनी हे लक्षात घ्या की मधल्या वर्षात शिरताना जिथे जागा रिकामी आहे तिथेच मिळते. चांगल्या शाळेला वेटिंग लिस्ट असते आणि रिकामी असते तीच तिसऱ्या नंबरची. यिअर टेनला तर नकोच, एका शाळेत एक्यूए बोर्डाची परीक्षा तर दुसरीत एडेक्सेलची, इतिहासाचे धडेच वेगळे निघतात.

ज्याच्याबद्दल आधी कुणीच बोललं नाही ते म्हणजे बस. लंडनमधे झिप कार्ड असतं, अकरा वर्षांचं पोर फुकट बसने कुठेही जातं, मैत्रिणीकडे, लायब्ररीत, स्विमिंगला. इथे आल्यावर मी ड्रायव्हर झाले. फुकट स्कूल बस मिळते ती सगळ्यात जवळच्या योग्य शाळेला, आणि साधारणपणे अंतर तीन मैलांपेक्षा जास्त असेल तर. तुम्ही आवडीची लांबची शाळा घेतलीत तर बसचा खर्च तुमचा. आणि बस एकच असते. मुलीला ड्रामा क्लब हवा होता, तो संपतो साडेचारला, बस जाते तीन पंचवीसला. घर बघायला जाल तेव्हा रविवारी नका जाऊ, मंगळवारी सकाळी आठला त्या बस स्टॉपवर जाऊन उभे राहा. आम्ही राहिलो होतो, पावसात, तिथल्या पोरांकडे बघूनच अर्धा निर्णय झाला. एकाने दुसऱ्याची पडलेली चेलोची केस उचलून दिली आणि शिवी पण दिली, म्हटलं नॉर्मल आहेत.

ओपन इव्हनिंगला हेडचं भाषण ऐकून हरखून जाऊ नका, ते सगळीकडे सारखंच असतं, केमिस्ट्री लॅबमधे हिरवी ज्योत पण सगळीकडे असते. फिरवायला दिलेल्या यिअर सेव्हनच्या पोराला विचारा, पाऊस असला की मधल्या सुट्टीत कुठे बसता, आणि टॉयलेट सुट्टीत उघडं असतं का. आम्ही एका शाळेत विचारलं तर मुलगा टीचरकडे बघायला लागला. आत्ताच्या शाळेतल्या मुलीने सरळ सांगितलं की खालचं वापरू नका, वरचं बरं आहे. आमच्या हिला ती मुलगी इतकी आवडली की ही शाळा फॉर्मवर जाणार हे तिथेच ठरलं. सिक्स्थ फॉर्म (सोळा ते अठरा वयाचे वर्ग) आहे का तेही विचारून घ्या, काही शाळा सोळालाच संपतात, मग परत शोधाशोध आणि परत बस.

प्रायव्हेटचा विचार असेल तर जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅट आहे, बाकी तुमचं तुम्ही बघा, आमच्या आवाक्यातलं नव्हतंच ते.

तर जिने विचारलं तिला, यिअर फोर म्हणजे हातात भरपूर वेळ आहे. एरियाचं नाव मी सांगणार नाही. दोन-तीन गावं निवड, प्रत्येकातली तिसरी शाळा शोध, आणि मला फोन कर, मी येते बरोबर. आज ड्रामा क्लब आहे, हे सगळं शाळेबाहेर गाडीत बसून टाइप केलंय. सुटले वाटतं. आमची कुठेय... हां, आली, कोट हातात घेऊन, पावसात.