दोन वर्षांचा मेलोर आणि सहाव्या भागाची उधारी: रंकाळावासींना उत्तर

नमस्कार रंकाळावासी,

सही तुम्ही अशीच केलीय म्हणून मीही तसंच म्हणतो. ‘दादा’ लिहिणार होतो, पण ताई निघालात तर पंचाईत.

प्रतिक्रिया झणझणीत आहे. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून सार सांगतो. पुस्तक पडद्यावर आणताना बदल होणारच, त्याचं फार मनावर घेऊ नये, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमच्या मते ही सीरिजवाल्यांची वकिली झाली. पुस्तक आहे तसं दाखवलं असतं तर ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या टीव्ही सीरिजची शेवटी माती झाली नसती. आणि तिच्या मूळ पुस्तकमालेचा लेखक जॉर्ज मार्टिन म्हणजे पाच भागांचे पैसे घेऊन सहाव्याच्या वेळी तोंड लपवणारा गडी. जाता जाता ‘छावा’वरूनही एक टोला हाणलाय.

आधी ते ‘आहे तसं’ बघू. मार्टिनच्या मालेतलं पहिलं पुस्तक १९९६ चं, पाचवं जुलै २०११ चं. सीरिज सुरू झाली एप्रिल २०११ ला, म्हणजे पाचवा भाग दुकानात यायच्याही आधी. २०१६ ला सहावा सीझन लागला तोवर बहुतेक कथानकांतली पुस्तकाची पानं संपली होती. ज्या २०१९ च्या शेवटावर तुम्ही एवढे उखडलाय, त्याच्याशी ताडून बघायला पुस्तकच नव्हतं. मार्टिननी सांगून ठेवलेले काही मुक्काम तेवढे होते: अमक्याचं शेवटी काय होतं, तमका कुठं पोचतो. मधली वाट सीरिजवाल्यांनी आपली आपण काढायची, आणि ती काढताना त्यांनी घाई केली. पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे, सातवा सात भागांचा, आठवा फक्त सहाचा. राणीनं अख्खं शहर जाळणं मला पटू शकलं असतं, पण तिला तिथवर चालत न्यायला हवं होतं. इथं तिला उचलून नेऊन ठेवली. तेव्हा या शेवटाबद्दल शिव्या द्या, मीही साथ देतो, पण ‘पुस्तक सोडलं’ हे कलम तिथं लागू होत नाही.

ते कलम खरोखर लागू होतं ते त्याच जगातल्या आधीच्या काळावरच्या दुसऱ्या सीरिजला, ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ला, आणि तुम्ही नेमका त्याचा उल्लेखही केला नाहीत!

तिथं पुस्तक हाताशी आहे, सीरिजपुरती गोष्ट त्यात पूर्ण आहे: मार्टिनचंच २०१८ चं ‘फायर अँड ब्लड’. त्यात हेलेना राणीला तीन मुलं: जेहेरिस आणि जेहेरा ही जुळी, आणि धाकटा मेलोर, वय वर्षं दोन. रात्री दोन मारेकरी महालात शिरतात आणि आईला विचारतात, दोन मुलग्यांपैकी कुठला मारू ते सांग. ती रडत-भेकत शेवटी मेलोरचं नाव घेते, कदाचित लहान आहे, त्याला कळणार नाही म्हणून. त्यातला एक जण मेलोरच्या कानाशी लागून सांगतो, तुझ्या आईला तू मेलेला हवायस, आणि दुसरा मुंडकं उडवतो ते थोरल्याचं. मेलोर जिवंत राहतो. पण यापुढं त्याच्या तोंडाकडं बघणं आईला सोसवत नाही.

सीरिजमध्ये मेलोर नाहीच. २०२४ च्या दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात जुळी झोपलेली असतात, मारेकरी विचारतात यातला मुलगा कुठला, आणि हेलेना दाखवते. झालं. प्रसंग अंगावर येतो, नाही असं नाही. पण आईनं निवड करणं, तीही उलटी पडणं आणि ते घेऊन पुढं जगणं, हे सगळं एका दोन वर्षांच्या पोराबरोबर गेलं. पुस्तकात पुढं मेलोरचंही मरण येतं आणि हेलेनाच्या शेवटाशी त्याचा संबंध आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मार्टिननी स्वतःच यावर जाहीर लिहिलं आणि नंतर ते काढूनही टाकलं. एवढ्या लहान मुलाला घेऊन शूटिंग करायची कटकट आणि बजेट, अशी कारणं त्यांना सांगितली गेली होती.

माझी हरकत अशा बदलाला आहे. मेलोर खुशाल काढा, पण त्याच्यामुळं पुढं जे जे घडतं त्याला दुसरं कारण उभं करा. कारण काढून टाकायचं आणि परिणाम तेवढा ठेवायचा, हे चालत नाही. मागच्या लेखात मी ज्या बदलांची बाजू घेतली त्यांत हा बसत नाही.

आता गंमत बघा. ‘फायर अँड ब्लड’ ही सरळ कादंबरी नाहीच, बनावट इतिहास आहे. एकाच घटनेबद्दल दरबारी विदूषक एक सांगतो, धर्मगुरू दुसरं, राजवैद्य तिसरं, आणि लिहिणारा म्हणतो की खरं काय कोण जाणे. आपल्याकडं बखरी वाचलेल्या माणसाला हे नवीन नाही. मग ‘मुळाबरहुकूम’ म्हणजे कुणाबरहुकूम? तिथं सीरिजवाल्यांना निवड करावीच लागते, आणि काही ठिकाणी त्यांनी ती चांगली केलीय.

आणि कोल्हापूरकरानं तरी पुस्तक बदलण्याच्या नावानं एवढं बिचकू नये. आपल्या खरी कॉर्नरच्या, बाबूराव पेंटरांच्या आठवणीतल्या कॅमेऱ्याच्या स्तंभावरून तुम्हीही जात असालच. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक पेंटर, त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथं १९१७ ला निघाली. १९२३ चा ‘सिंहगड’ त्यांनी हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून केला, तोही मूकपट! हरिभाऊंचे संवाद, ती लांबलचक वर्णनं, सगळं गेलं, मधल्या पाट्यांवर मावेल तेवढं राहिलं. १९२५ चा ‘सावकारी पाश’ही कथेवरूनच, पण ती नारायण हरी आपट्यांची, हरिभाऊंची नव्हे. तो पेंटरांनी १९३६ ला बोलपट म्हणून पुन्हा केला. त्यातलं अंधुक उजेडातलं भकास झोपडं आणि कुत्र्याचं रडणं निर्माते जे. बी. एच. वाडियांच्या मनात कायमचं राहिलं. कर्जात बुडालेल्या घराची अवकळा दाखवायला त्या जागी एका शब्दाची गरज पडली नाही. याला मी पुस्तक सोडणं म्हणत नाही.

‘छावा’चं थोडक्यात. शिवाजी सावंत आपल्या आजऱ्याचे, त्यामुळं तुमचा जीव तुटतो हे समजू शकतो. पण २०२५ च्या सिनेमातल्या लेझीमच्या नाचावरून जो गदारोळ झाला आणि प्रदर्शनाआधी तो काढला गेला, त्यात कादंबरीत काय आहे हे विचारणारे कमीच होते. भांडण महाराजांच्या प्रतिमेचं होतं. तो वेगळा विषय आहे, त्याला वेगळा लेख लागेल.

राहिली मार्टिनची उधारी. पाच भागांचे पैसे दिलेत, पाच भाग मिळाले. सहाव्याचे पैसे अजून कुणी घेतलेले नाहीत, तेव्हा हिशेब चुकता आहे. नेमाड्यांची ‘हिंदू’ २०१० ला आली ती चार भागांतला पहिला म्हणून. पुढच्याची वाट आपणही बघतोय, पण कुणी त्यांना बुडव्या म्हटल्याचं माझ्या कानावर नाही. हां, एक मान्य. मार्टिननी स्वतःच मुदती सांगितल्या आणि त्या टळल्या. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी तसं कबूलही केलं, की सहाव्या सीझनच्या आधी पुस्तक येणार नाही. तारीख ऐकून बसलेल्या वाचकाला राग येणारच. पण म्हणून एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या प्रत्येक फोटोखाली ‘लिहायला बस’ म्हणून खेकसायचं, हे मला बघवत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, अपुरी मालिका पुन्हा हातात धरायची नाही, तर मग रॉबर्ट जॉर्डनची ‘व्हील ऑफ टाइम’ ही पुस्तकमाला सुरू करू का? बेलाशक करा. पहिला भाग १९९० चा. जॉर्डन २००७ ला गेले, पण मागं टिपणं ठेवून गेले आणि ब्रँडन सँडरसन या दुसऱ्या लेखकानं शेवटच्या एका पुस्तकाची तीन करून २०१३ ला मालिका पुरी केली. एकूण चौदा भाग, वर एक पूर्वकथा, ती मागाहून वाचा. तिची सीरिज मात्र २०२५ ला तिसऱ्या सीझननंतर बंद पडली, म्हणजे इथं पुस्तकं पुरी आणि सीरिज अर्धी. मधले काही भाग जाम रेंगाळतात, आठवा-नववा-दहावा विशेषतः. तिथं माझ्या नावानं बोटं मोडू नका.