हाऊसफुल्ल पराभव

रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते आणि आम्ही हरलो होतो. ‘आम्ही’ म्हणजे अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. अकरा वर्षं लिंकनमध्ये, या विद्यापीठाच्या गावात, काढल्यावर हा ‘आम्ही’ माझ्या तोंडात कधी बसला ते मला कळलंही नाही. २० सप्टेंबर २०२४चा शुक्रवार. इलिनॉयशी २४-२४ अशी बरोबरी झाली, जादा वेळेत ते ३१वर गेले आणि आम्ही होतो तिथेच राहिलो. माझ्या शेजारच्या आजी (वय ७८) बाकावरून उठल्या, खालची लाल उशी उचलली, तिच्यावर सांडलेले पॉपकॉर्न झटकले आणि बाहेर निघालेल्या इलिनॉयच्या पोरांसाठी टाळ्या वाजवायला लागल्या. पाहुणा संघ मैदान सोडताना टाळ्या वाजवायच्या, ही इथली जुनी रीत. चेहरा पडलेला होता, पण टाळ्या वाजत होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पाच तारखेला रटगर्सशी सामना. पावसाचा भरवसा नाही, रेनकोट आण. छत्री आत नेऊ देत नाहीत.”

झालं. पराभवावरची चर्चा तिथेच संपली.

तो सामना या मैदानावरचा सलग चारशेवा हाऊसफुल्ल सामना होता. सलग म्हणजे ३ नोव्हेंबर १९६२पासून. (कोविडच्या मोसमात प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता, तेवढा हिशेबातून वगळलाय.) गंमत म्हणजे त्या पहिल्या हाऊसफुल्ल सामन्यातही नेब्रास्का मिसुरीकडून १६-७ असं हरलं होतं. आजींचे वडील तेव्हा हजर होते. सोळा वर्षांच्या आजी मात्र दाढ दुखते म्हणून घरी. वडिलांच्या दोन जागा पुढे आजींकडे आल्या, नवरा गेल्यावर त्यातली एक रिकामी पडली आणि ती माझ्या वाट्याला आली. मोसमाची तिकिटं इथे अशी घरातल्या घरात फिरतात. घटस्फोटात घराची वाटणी सहज होते, तिकिटांपाशी गाडी अडते, असा विनोद इथे सगळे करतात. तो विनोदच आहे याची मला अजून खात्री नाही.

गाडीत बसेपर्यंत फोनवर नागपूर जागं झालं होतं. तिकडे शनिवारची सकाळ. मामेभावाचा मेसेज आला होता, “हरले ना ताई? पैसे मोजून रडाले काहून जाता तुमी लोक?”

या प्रश्नामागे आमच्या घरच्या ग्रुपवरचं सहा महिन्यांचं भांडण होतं. २०२४च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सनं रोहित शर्माला बाजूला करून हार्दिक पांड्याला कर्णधार केलं आणि प्रेक्षकांनी त्याची आधी अहमदाबादला आणि मग वानखेडेवर, म्हणजे स्वतःच्याच मैदानावर, हुर्यो उडवली. नाणेफेकीला उभ्या असलेल्या संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना ‘नीट वागा’ म्हणून दटावावं लागलं. ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे, तिकिटाचे पैसे मोजलेत, टाळ्या वाजवायच्या की शिट्ट्या मारायच्या तो आमचा हक्क. दुसरा म्हणे, खरा चाहता हरतानाच कळतो, आपल्या लोकांना निष्ठा म्हणून माहीत नाही. या दुसऱ्या तटानं मला पुढे केलं. ‘बघा, ताईकडे अमेरिकेत संघ वर्षानुवर्षं हरतो तरी स्टेडियम भरलेलं!’ परदेशातल्या नातेवाइकाला हे एक काम असतंच, घरच्या वादात साक्षीदार म्हणून उभं राहायचं. साक्ष कोणत्या बाजूनं द्यायची ते आधीच ठरलेलं असतं.

मी साक्ष फिरवली. एक तर इथली माणसं संत नाहीत. ऑक्टोबर २०११मध्ये ओहायो स्टेटविरुद्ध नेब्रास्का २७-६ असं मागे पडलं, तेव्हा बरेच निष्ठावंत उठून गेले. मग संघानं मुसंडी मारली आणि सामना ३४-२७ असा जिंकला. तेव्हाचे प्रशिक्षक बो पेलिनी त्यावर खासगीत प्रेक्षकांना जे काही बोलले त्याची ध्वनिफीत दोन वर्षांनी बाहेर आली. त्यातला एकही शब्द इथे छापता येण्यासारखा नाही. पेलिनींना माफी मागावी लागली. त्याआधी २००३मध्ये फ्रँक सोलिच यांनी मोसमात नऊ सामने जिंकून दिले होते, तरी त्यांना नारळ मिळाला. आज नऊ विजय मिळाले तर लिंकनमध्ये लोक मिरवणूक काढतील! सामना हरलेल्या आठवड्यात सोमवारी गाडीतला रेडिओ लावला की नांगरमालकापासून दंतवैद्यापर्यंत सगळे फोन करून क्वार्टरबॅकचं, म्हणजे संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूचं, पोस्टमॉर्टेम करत असतात. तो बिचारा १९ वर्षांचा असतो. त्याच्या फोनवर काय काय येत असेल, ते आपल्याकडच्या शमीला किंवा अर्शदीपला विचारावं.

निष्ठावान म्हणजे सोशिक, असं मीही आधी धरून चालले होते. आजींनी तो गैरसमज पहिल्याच मोसमात दूर केला. तीन तास त्या प्रशिक्षकाला, पंचांना, देवाला आणि एकदा मलाही (चुकीच्या वेळी टाळी वाजवली म्हणून) बोल लावत होत्या. पण शेवटच्या मिनिटापर्यंत उशीवरून उठल्या नाहीत.

तर मग ही माणसं येतात का? मला दिसलेलं कारण फारसं उदात्त नाही. दुसरं काही नाही म्हणून येतात. अख्ख्या नेब्रास्काची लोकसंख्या जेमतेम वीस लाख. इथे एनएफएलचा (व्यावसायिक फुटबॉलचा) संघ नाही, एनबीएचा (बास्केटबॉलचा) नाही, मोठ्या बेसबॉलचाही नाही. आहे तो एक विद्यापीठाचा संघ, आणि त्याचं नावही शेतातलं: ‘कॉर्नहस्कर्स’, मक्याची कणसं सोलणारे. पश्चिम टोकाच्या स्कॉट्सब्लफहून लिंकनला यायला गाडीनं सहा तास लागतात, तरी लोक येतात. सामन्याच्या दिवशी ओमाहा आणि लिंकन या दोन शहरांखालोखाल राज्यातली सर्वांत मोठी वस्ती त्या स्टेडियममध्ये असते. १९२३मध्ये ते बांधलं तेव्हा हार्टली बर अलेक्झांडर या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं त्याच्या भिंतींवर कोरायला ओळी दिल्या. त्यांचा मथितार्थ असा की महत्त्व विजयाला नाही, कृतीला. गौरव आहे तो करण्यात. हे आमच्याकडे कुरुक्षेत्रावरच सांगून झालंय, असं आजींना ऐकवायचा मोह मी दर मोसमात एकदा आवरते.

या निष्ठेची किंमतही मोठी आहे, ती साक्षीत सांगायलाच हवी. स्कॉट फ्रॉस्ट हा इथल्याच वुड रिव्हर गावचा मुलगा. १९९७च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक. २०१८मध्ये तो प्रशिक्षक म्हणून परतला तेव्हा गावोगाव दिवाळी होती. पहिलेच सहा सामने हरला. २०२१मध्ये तीन विजय आणि नऊ पराभव, आणि नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांनी. दर आठवड्याला बस अगदी डोळ्यांसमोरून सुटावी, तसं ते वर्ष गेलं. त्याच वर्षी तिकिटं उरायला लागली. मग देणगीदारांनी ती विकत घेऊन गरजू मुलांना दिली आणि हाऊसफुल्लची माळ तुटू दिली नाही. मुलांना सामना बघायला मिळाला, चांगलंच झालं. पण तेव्हापासून ‘हाऊसफुल्ल’ हा शब्द ऐकला की मी रिकामे बाक मोजते. तिकीट खपलं म्हणजे बाक भरला असं नाही. मंडप भरलेला दिसावा म्हणून घरचीच माणसं मधल्या पंगतीला बसवतात, तसला प्रकार.

पुढच्या सप्टेंबरात जॉर्जिया सदर्न हा पैसे देऊन बोलावलेला पाहुणा संघ आला आणि ४५-४२ असा जिंकून गेला. दुसऱ्याच दिवशी फ्रॉस्टला काढलं. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर कराराप्रमाणे त्याला द्यायची सुमारे दीड कोटी डॉलरची रक्कम निम्म्यावर येणार होती. तीन आठवडेसुद्धा थांबवलं नाही! एरवी कुपनं कापून किराणा भरणाऱ्या आजींना मी विचारलं, एवढे पैसे वाया? त्या म्हणाल्या, “माणसानं दाढदुखी तीन आठवडे सहन करावी का?” दाढेचा विषय त्यांच्या डोक्यातून काही जात नाही.

हे सगळं लिहून पाठवल्यावर ग्रुपवरचा पहिला तट खूश झाला. म्हणजे हुर्यो उडवायचा हक्क आहे ना? आहे की. पण मला खटकत होतं ते वेगळंच. पांड्यावरून नागपुरात, आमच्या घरात, दोन भाऊ आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. आता ही तारीख बघा. पांड्याची पहिली हुर्यो २४ मार्च २०२४ची. त्याच्या दहा दिवस आधी, १४ मार्चला, त्याच वानखेडेवर विदर्भाचा संघ रणजीची फायनल हरला. ५३८ धावांचा डोंगर होता. अक्षय वाडकरनं कर्णधाराचं शतक झळकावलं, हर्ष दुबे त्याच्याबरोबर खिंड लढवत राहिला, पाचव्या दिवशी ३६८पर्यंत पोचून आपण पडलो आणि मुंबईनं बेचाळिसावी रणजी नेली. असा पराभव लिंकनमध्ये झाला असता तर लोकांनी तो नातवंडांना सांगितला असता. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी एका काकूंचा मोदकाच्या सारणाचा व्हिडिओ होता. वाडकरबद्दल एक ओळ नव्हती. मीही लिहिली नाही, कारण स्कोअर मला दोन दिवसांनी कळला.

मुंबईच्या एका कंपनीच्या संघाचा कर्णधार कोण, यावरून नागपूरकर भांडतात. खुशाल भांडावं, ती करमणूक आहे. पण तिला निष्ठेचा प्रश्न म्हणू नये. वानखेडेवरच्या शिट्ट्या मला गद्दारी वाटल्या नाहीत, आवडीचा नट बदलल्यावर नाटकाला आलेल्या प्रेक्षकानं घातलेला गोंधळ वाटल्या. म्हणून तर ४ जुलैला, वर्ल्ड कप जिंकून आल्यावर, त्याच वानखेडेवर ‘हार्दिक, हार्दिक’ झालं. दोन्ही आरोळ्या एका माणसासाठी होत्या. माणूस तेवढ्यात बदलला नव्हता, निकाल बदलला होता.

मोठ्या मनाचे प्रेक्षक आपल्याकडे नाहीत, असं तर मुळीच नाही. जानेवारी १९९९मध्ये चेपॉकवर सचिनच्या १३६ धावांनंतरही भारत बारा धावांनी हरला आणि चेन्नईकरांनी उभं राहून पाकिस्तानच्या संघाला टाळ्या दिल्या. आजींच्या टाळ्या बघून मला दर वेळी तेच आठवतं. आणि त्याच्या तीनच वर्षं आधी, १९९६च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला, ईडन गार्डन्सवर बाटल्या आल्या, जाळपोळ झाली आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला, तेही आठवतं. देश एकच. त्यामुळे ‘आपले लोक असेच’ हे वाक्य मी आता वापरत नाही.

२०२५च्या फेब्रुवारीत एका लग्नासाठी नागपूरला गेले होते. तिथल्या जामठ्याच्या स्टेडियमवर विदर्भ-मुंबई रणजी सेमीफायनल सुरू होती. हळदी आणि संगीत यांच्यामधला एक दिवस मोकळा सापडला तशी मामेभावाला घेऊन गेले. प्रवेश फुकट. आमच्या पुढच्या रांगेत कॉलेजची सहा पोरं होती, तिघांच्या अंगात निळे टी-शर्ट. मुंबईचा डाव सुरू होता. पार्थ रेखडे हा आपला डावखुरा फिरकी गोलंदाज आला आणि एकाच षटकात त्यानं अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे असे तिघे घेतले. सूर्या आणि दुबे दोघेही शून्यावर. मी किंचाळत उभी राहिले. पुढची पोरं कपाळाला हात लावून बसली होती. “च्यामारी, सूर्या गेला!” त्यातला एक म्हणाला, “चला बे, आता काय पाहाचं?” आणि सहाही जण उठून तर्री पोहे खायला निघून गेले. घरचा पोरगा आयुष्यातलं सर्वांत भारी षटक टाकत होता. विदर्भानं तो सामना ८० धावांनी जिंकला, पुढे केरळविरुद्ध फायनलमध्ये पहिल्या डावातल्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी जिंकली. त्याच्या काही आठवडे आधी दिल्लीत विराट कोहली रणजी खेळायला आला तेव्हा हजारोंची झुंबड उडाली होती, आणि तो सहा धावांवर त्रिफळाचीत झाल्यावर स्टँड ओस पडले होते. त्यापुढे आमची सहा पोरं म्हणजे किरकोळच.

परत आल्यावर आजींना हे सगळं सांगितलं. त्यांना क्रिकेटमधलं काही कळत नाही, त्यामुळे षटक, बळी, रहाणे हे समजावण्यातच अर्धा तास गेला. पोरं उठून गेली हे ऐकल्यावर त्यांनी विचारलं, “ती पोरं मुंबईची होती का?”

“नाही, आमचीच.”

“तिकीट महाग होतं का?”

“फुकट होतं.”

आजींनी चहाचा कप खाली ठेवला. “आणि तू लहानपणी वडिलांबरोबर किती सामन्यांना गेली होतीस?”

मी म्हटलं, हा पहिलाच.