ग्रेडचा वाद कसा जिंकावा

बेळगावच्या खडेबाजारात चहाच्या टेबलावर राणीछाप रुपयाच्या ग्रेडवरून वाद पेटला, तर पहिली खबरदारी ही घ्या की नाण्याकडं बघायचं नाही. फी घेऊन नाणं तपासणाऱ्या कंपनीनं ते ज्या प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलंय, तिच्यावरचा 1 ते 70 मधला ग्रेडचा आकडा वाचायचा, तोही मोठ्यानं. एकदा 64 म्हणालात की मागं हटू नका. 63 आणि 64 मधली रेघ कुणी आखली, असं कुणी विचारलंच तर महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाच्या महाजन आयोगाकडं बोट दाखवा. 1966 साली तो नेमला गेला, तेव्हापासून आपल्याकडं रेघांवर भांडायचा सराव कुणाचा सुटलेला नाही.

हा 70 पर्यंतचा मापदंड आला कुठून, हे मात्र सांगत बसू नका. विल्यम शेल्डन यांनी 1949 साली तो अमेरिकेच्या जुन्या, मोठ्या तांब्याच्या सेंटांसाठी मांडला. हिशेब किमतीचा होता: 1 ग्रेडच्या नाण्याच्या सत्तरपट मोलाचं ते 70. तोच गज आता आपल्या चांदीच्या रुपयाला लावतात. इतकं ऐकल्यावर समोरचा शांत होईल आणि वादाची मजा जाईल.

नाणं पाठवण्याआधी ते घासणं अत्यावश्यक. लक्ष्मीपूजनाचा रुपया दर दिवाळीला चिंच आणि रांगोळीनं लख्ख करायची आपली रीत आहेच, ती मोडू नका. रांगोळीच्या कणांनी पृष्ठभागावर केसासारखे बारीक ओरखडे उठतात. एका दिव्याखाली नाणं तिरकं फिरवलं की ते एकाच दिशेनं चमकतात. टाकसाळीतून निघालेल्या कोऱ्या नाण्यावरची चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. धातू साच्यात दाबला जाताना उठलेल्या सूक्ष्म रेषांची ती करामत. घासताना त्या रेषाच जातात. मग आकडा मिळत नाही, 'एयू डीटेल्स, क्लीन्ड' (म्हणजे जवळपास न वापरलेलं, पण घासलेलं) असं लिहून येतं. तेव्हा परीक्षकांना आपली संस्कृती कळत नाही, असा निषेध नोंदवा. माळेतल्या रुपयाची कडी सोनाराकडून काढून घेतली असेल तर कडेवरचा डाग दिसणारच नाही, असं समजून चाला. परीक्षकांकडं भिंग नसतंच ना!

झीज आणि कमी दाबाचा ठसा यांत फरक करायच्या भानगडीत पडू नका. व्हिक्टोरियाचा गाल आणि कानावरचे केस सर्वांत आधी झिजतात. ठसा कमकुवत बसला असेल तर तिथंही नक्षी पुसट, पण चमक शाबूत. हे ओळखायला मिनिटभर लागतं, आणि मिनिटभर गप्प बसणारा वाद हरतो.

वजनकाटा तर घरीच ठेवा. 1939 पर्यंतच्या रुपयाचं ठरलेलं वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. सराफाचा आजचा तोळा 10 ग्रॅमचा, एवढ्यावरच तासभर निघेल. कुणी लोहचुंबक लावून 'चिकटलं नाही, म्हणजे चांदी' म्हणाला तर टाळ्या वाजवा. पितळही चिकटत नाही.

शिवराई काढली तर जपून. हातानं ठोकलेलं तांबं. 'श्री राजा शिव'मधलं एखादं अक्षर नाण्याबाहेरच राहिलेलं. अक्षर किती उमटलंय, तांब्याचा जुना रंग टिकलाय का, हेच तिथं बघायचं असतं. साहजिकच तुम्ही 'पण ग्रेड किती?' असंच विचारा.

झिजलेला साधा राणीछाप जवळपास चांदीच्याच भावात जातो; फी, कुरिअर आणि विमा मिळून खर्च त्याच्याही वर गेला तरी पाठवाच. आकडा पसंत पडला नाही तर डबी फोडा आणि पुन्हा पाठवा. 64 आले तर परीक्षक जाणकार, 62 आले तर आंधळे. फोडलेल्या डबीचं लेबल कंपनीला कळवायचं तेवढं विसरा. तुमचा एकच रुपया तिच्या यादीत तीन रुपये होऊन नांदेल, आणि 'या ग्रेडचे जगात कितीच आहेत' हा पुढचा वाद आयता हाती येईल.