टर्मिनलचे पैसे प्रवाशाने द्यायचे, आणि उभंही प्रवाशानेच राहायचं?

आज दुपारी आईचं विमानाचं तिकीट काढत होते. पैसे भरायच्या आधी भाड्याची फोड उघडून बघितली. मूळ भाडं, जीएसटी, सुरक्षा शुल्क, आणि त्यांच्या खाली यूडीएफ, म्हणजे यूझर डेव्हलपमेंट फी, विमानतळाच्या खर्चासाठी प्रवाशाकडून घेतात ती. निघायच्या विमानतळाची वेगळी, उतरायच्या विमानतळाची वेगळी. उतरायचेसुद्धा पैसे! तिकीट काढलं, कारण आईला जायचंच आहे. पण डोकं तापलंय ते अजून शांत झालेलं नाही, म्हणून लिहायला बसलेय. लांबणार आहे.

मागच्या पावसाळ्यात आईला घेऊन दादाकडून परत येत होते. विमानतळाचं नाव लिहीत नाही, कारण मला एका विमानतळाशी भांडायचं नाहीये. विमान उशिरा होतं. सुरक्षा तपासणी झाली आणि समोर गेटकडे जाणारा सरळ रस्ताच नाही! अत्तरं, चॉकलेटं, दारूच्या बाटल्या, पुन्हा अत्तरं, यांच्यातून वळसे घेत जायचं. आईचे गुडघे कसे आहेत ते तुमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. गेटपाशी पोचलो तर एकही खुर्ची रिकामी नाही, पोरंटोरं जमिनीवर बसलेली. आई एका दुकानाच्या काचेखालच्या कट्ट्यावर टेकली. दोन मिनिटांत आतला मुलगा आला, ‘मॅडम, इथे बसता येणार नाही.’ त्या मुलावर माझा राग नाही, त्याला तशीच ताकीद असणार. आई उठली. वर त्यालाच म्हणाली, ‘चुकलं हं बाळा.’ आणि विमान लागेपर्यंत खांबाला टेकून उभी राहिली.

ज्या इमारतीसाठी तिच्या तिकिटातून पैसे कापून घेतले होते, त्या इमारतीत.

हे पैसे कसे ठरतात ते ऐका. विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण, म्हणजे एरा, साधारण पाच-पाच वर्षांसाठी दर ठरवतं. विमानतळ चालवणाऱ्याने किती गुंतवले, त्यावर त्याला किती परतावा मिळायला हवा, घसारा किती, खर्च किती, असा सगळा हिशेब होतो. तो भरून काढायला विमानांच्या लँडिंगचे, पार्किंगचे पैसे असतात आणि आपली यूडीएफ असते. अंदाजापेक्षा प्रवासी कमी आले तर ती तूट पुढच्या पाच वर्षांच्या दरात धरली जाते. करोनात विमानं रिकामी राहिली, त्याची तूटही अशीच नंतर उडणाऱ्यांच्या वाट्याला. नुकसान झालं की आपल्याकडे, आणि मालकीत आपला वाटा शून्य. भाडेकरूकडून विटांचे पैसे घ्यायचे आणि घर आपल्या नावावर ठेवायचं, तसं आहे हे.

आणि दुकानं? दुकानं, जाहिराती, गाड्यांचं पार्किंग, या कमाईतला फक्त ३० टक्के भाग प्रवाशांवरचा बोजा कमी करायला धरला जातो. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणातच तसं आहे. उरलेले ७० टक्के त्या हिशेबात येतच नाहीत. आता सांगा, चालवणारा मोकळ्या जागेत खुर्ची ठेवेल की अत्तराचं दुकान? खुर्चीवर बसलेली माझी आई त्याला एक रुपया मिळवून देत नाही.

दादा म्हणतो, ‘अगं, सुविधा हव्यात तर पैसे द्यावेच लागणार. जो कधी विमानात बसलाच नाही, त्याच्या करातून तुझं टर्मिनल बांधायचं का?’ नाही. एसटीने जाणाऱ्या माणसाने माझ्या विमानतळाचा खर्च का उचलावा? मान्य. पैसे आम्ही द्यावेत हेही मान्य. पुढचं मात्र मान्य नाही.

२००९ साल आठवतंय का? दिल्लीत आणि मुंबईत डेव्हलपमेंट फी, म्हणजे बांधकामासाठी आगाऊ घेतलेली वेगळी फी, सुरू झाली. दिल्लीत देशांतर्गत प्रवाशाला २०० रुपये आणि परदेशी जाणाऱ्याला १३००, मुंबईत १०० आणि ६००. मुंबईचं नवं टर्मिनल, टी-२, प्रवाशांसाठी उघडलं २०१४ मध्ये. म्हणजे २००९ मध्ये ज्यांनी पैसे भरले, त्यांतले कितीतरी जण त्या इमारतीत कधी पाऊल ठेवू शकले नसतील. एक ग्राहक संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०११ मध्ये न्यायालयाने सांगितलं की एराने दर ठरवल्याशिवाय ही वसुली करता येणार नाही. त्याच निकालात हेही म्हटलं, की नाव फी असलं तरी स्वरूप ठरावीक कामासाठी घेतलेल्या सेसचं किंवा कराचं आहे. मग कराचा हिशेब जसा मागतो तसा याचा का मागायचा नाही?

नवी मुंबईचं बघा. पहिलं विमान उडायच्या आधीच तिथला यूडीएफचा तात्पुरता दर मंजूर होऊन तयार होता. देशांतर्गत निघणाऱ्याला तेव्हा ६२० रुपये, उतरणाऱ्याला २७०. नवा विमानतळ आहे, खर्च मोठा आहे, समजतं मला. अभिमानही वाटतो, खोटं कशाला बोलू. आमच्या वडिलांच्या पिढीला विमान आतून बघायला मिळालं नाही आणि आज आई खिडकीजवळची जागा मागते, ढग बघायचे असतात तिला. हे टर्मिनल बांधणाऱ्या इंजिनिअरांबद्दल, रात्रपाळी करणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तक्रार पैसे घेणाऱ्यांच्या गप्प राहण्याबद्दल आहे.

तिकिटावर कुठे लिहिलेलं असतं की हे अमुक रुपये अमुक कामासाठी आहेत? ते काम कधी संपणार, वसुली कधी थांबणार? अमेरिकेतही विमानतळासाठी प्रवाशांकडून पैसे घेतात. पण तिथे एका उड्डाणामागे जास्तीत जास्त साडेचार डॉलर ही मर्यादा कायद्याने घातलेली आहे. कोणतं काम, किती रक्कम, हे सांगून आधी मंजुरी घ्यावी लागते, आणि तेवढी रक्कम जमली की वसुली संपते. त्यांचे विमानतळ जुनाट दिसतात म्हणे. दिसोत. हिशेब तरी दिसतो.

मला एवढंच हवंय. कामाचं नाव लिहा, वसुली संपायची तारीख लिहा, आणि आमच्या पैशातून जी फरशी घातली तिच्यावर आधी आम्हाला बसायला जागा द्या, नंतर दुकानं मांडा. दर मंजूर करताना एराने खुर्च्या मोजाव्यात. गर्दीच्या तासाला गेटवर किती माणसं असतात आणि किती जणांना बसता येतं, हे मोजायला काय लागतं? सत्तरीच्या बाईने दुकानाच्या कट्ट्यावर टेकल्याबद्दल माफी मागायची? ती ‘चुकलं हं बाळा’ म्हणाली ते माझ्या कानातून जात नाही. तिचं काय चुकलं होतं?

लिहिता लिहिता एक कामाचं सांगून ठेवते. तिकीट रद्द केलं किंवा विमान चुकलं तर यूडीएफ आणि सरकारी कर परत द्यायचे असतात. मूळ भाडं परत न मिळणारं असलं तरीही. २०१६ पासून डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी महासंचालनालयाचा, तसा नियम आहे. जो प्रवास झालाच नाही त्याची विमानतळ फी कसली? बरेच जण मागत नाहीत. मागा. पन्नास रुपये असले तरी मागा.

दर ठरवण्याआधी एरा सल्लामसलतीचा मसुदा आपल्या वेबसाइटवर टाकतं आणि हरकती मागवतं. विमान कंपन्या लिहितात, विमानतळवाले जाडजूड उत्तरं देतात. आपण प्रवासी बहुतेक वेळा गप्पच. या वेळी मी लिहिणार आहे. खुर्च्यांबद्दल, तारखेबद्दल आणि त्या ३० टक्क्यांबद्दल. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत पाठवेन. तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना असं ताटकळत उभं राहावं लागलं असेल तर विमानतळ आणि महिना लिहून मला इनबॉक्स करा. पत्राला जोडते. फोटो असेल तर तोही पाठवा.