शुभमंगल, बफरिंग, सावधान

भाचीचं लग्न सांगलीत आणि माझा पाय प्लास्टरमध्ये, ठाण्यात. तेव्हा मंगलाष्टक मी घरून म्हणायचं आणि ते कार्यालयात स्पीकरवर लावायचं, असं ठरलं. मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा. मी वेळेत म्हटलं, 'सावधान'ला मोबाइलवर अक्षतासुद्धा टाकल्या. पुढचं बहिणीकडून कळलं. अंतरपाट सरकला, हार पडले, वाजंत्री वाजून थांबली, कुणीतरी माइकवरून 'जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये' अशी विनंती केली, आणि तिच्या पाठोपाठ स्पीकरमधून माझा धीरगंभीर आवाज आला, 'शुभमंगल सावधान!' पंगतीकडे निघालेले लोक म्हणे थबकले.

त्या मंगलाष्टकावर मी घाम गाळला होता हो! शार्दूलविक्रीडित, ओळीत १९ अक्षरं, दोन्हीकडची माणसं त्यात बसवायची. कमलआजींचं 'कमल' म्हणजे सलग तीन लघू. या वृत्तात असे तीन लघू एकाच ठिकाणी येतात, नवव्या ते अकराव्या अक्षराला. 'स्वस्ति श्रीगणनायकं गजमुखं'मध्ये जिथं 'गजमु' आहे तिथं. आजींना नेमकं तिथं बसवलं. आणि आजी त्या वेळी जिलबीच्या ताटापुढे बसलेल्या.

व्हिडिओवाल्याला फोन केला.

"काका, एक नंबर आलंय तुमचं! एक अक्षर तुटलं नाही."

"अरे, पण आलं कधी?"

"आलंय की पण सगळं."

"लग्न लागल्यावर आलं!"

"आता नेटचा विषय आहे काका. स्पीड फुल शंभर होता, टेस्टचा फोटो पाठवू?"

"स्पीडचं काय घेऊन बसलास? मी साधा कॉल लाव म्हटलं होतं."

"कॉलला आवाज फाटतोय. म्हणून आपली स्ट्रीमिंगची लिंक लावली. क्वालिटी बघा की! आणि अल्बममध्ये मागं सरकवून बरोबर अंतरपाटावर बसवतो. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय!"

"तुम्ही तर लग्नात नव्हताच की."

पोटापाण्यासाठी मी नेटवर्कचंच काम करतो, त्यामुळे हे वाक्य दोनदा लागलं. ठाणे ते सांगली काचेच्या तारेतून प्रकाशाला दोन-तीन मिलीसेकंद लागतात. बोलण्यातला विलंब एका बाजूनं १५० मिलीसेकंदांच्या आत असावा, असं टेलिफोनची आंतरराष्ट्रीय शिफारस सांगते. माझा 'सावधान' मात्र पंगतीला पोचला, कारण याची लिंक चालते टीसीपीवर, म्हणजे इंटरनेटवर माहिती पोचवायच्या एका पद्धतीवर. १९८१ च्या आराखड्यापासून टीसीपीचा बाणा असा की, पॅकेट, म्हणजे माहितीचा एखादा तुकडा, हरवलं तर ते पुन्हा मागवायचं आणि ते येईपर्यंत मागून पोचलेल्या सगळ्यांना दारात उभं करायचं. पैसे पाठवताना हे ठीक. इथं 'मं' हरवला म्हणून 'गल' आणि 'सावधान' ताटकळले, आणि प्रत्येक खोळंब्यानं लिंक आणखी मागे पडली.

त्यात कार्यालयाच्या वायफायवर नवऱ्याचे मित्र रील चढवत होते. राउटरला वाटतं, काही टाकायचं कशाला, ठेवू या रांगेत. 'तुकडा मिळाला' असं मला परत कळवणाऱ्या माझ्या आवाजाच्या पोचपावत्या त्या रीलांच्या मागे उभ्या. या रोगाला संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी बफरब्लोट म्हणून गाजवलं, २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर कोडेल नावाचा उतारा दिला: रांग हलेनाशी झाली की पॅकेट सरळ टाकून द्या, पाठवणारा आपोआप हात आखडतो. इतकी वर्षं झाली, पण कार्यालयवाले राउटर बदलतील तर शपथ. एसी हॉलचे पैसे मात्र वेगळे घेतात.

हे सगळं मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकूनही घेतलं, बिल निघायचं होतं.

"मग कॉलमध्ये हरवलेलं परत कसं मागवतात?"

"मागवतच नाहीत. यूडीपी असतं ते, पाठवायची दुसरी पद्धत. आराखडा १९८० चा, तीन पानांत संपलेला. गेलं ते गेलं."

"गेलं ते गेलं?" त्याला खरंच वाईट वाटलं.

"अरे, ओपससारख्या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज आवळून पाठवणाऱ्या तंत्रात, सोय असते. पुढच्या पॅकेटात मागच्याची हलकी प्रत घालून पाठवायची. एक हरवलं तर पुढच्यातून काढायचं. वीस मिलीसेकंदांचा तर तुकडा. दोन्ही गेले तर मागच्या आवाजावरून ठिगळ लावायचं. एखादा लघू फाटेल, पण सावधान वेळेवर येईल."

"म्हणजे एकच गोष्ट डबल पाठवायची? नेट जास्त जाणार की काका."

"जाऊ दे ना!"

"आणि वर ठिगळ? लोक म्हणणार, व्हिडिओवाल्याचा आवाज फाटला."

खरा शहाणा निघाला तो गुरुजी. माझा आवाज अडकलेला दिसताच त्यांनी ओळीची वाट पाहिली नाही, स्वतःच 'कुर्यात् सदा मंगलम्' म्हणून मोकळे झाले. मी फोनवर गाऱ्हाणं मांडलं तर म्हणाले, "मुहूर्त टळल्यावर आलेलं अष्टक आम्ही धरत नाही." संपूर्ण यूडीपी. पण तक्रार ऐकून घ्यायची सोय त्यांच्यातही नाही.

बहिणीचं म्हणणं, बरंच झालं, सगळे हसले. आजींनी विचारलं, माझं नाव कुठं होतं? नवव्या अक्षराला, सांगून काय उपयोग!

काल बिल आलं. 'लाइव्ह प्रक्षेपण' वेगळं लावलेलं, आणि ते मामाकडून घ्यावं असं परस्पर ठरलेलं. मी फोन करून लाइव्ह या शब्दावर भांडलो.

"पुढच्या वेळी आधी रेकॉर्ड करून पाठवा काका," तो समजुतीनं म्हणाला, "एकदम लाइव्हसारखं लावतो. चार्ज तोच."