इलेक्ट्रिक गाडी गावाला पोहोचते: एका फॉरवर्डला उत्तर

गणपती जवळ आले की आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला तिघांकडून आला. मजकूर थोडक्यात असा: कंपनी सांगते त्याच्या निम्मीही रेंज (एकदा चार्ज करून कापता येणारं अंतर) इलेक्ट्रिक गाडीला हायवेवर मिळत नाही, एसी लावला की उरलेली पुन्हा अर्धी होते, घाट चढताना बॅटरी डोळ्यांदेखत रिकामी होते, ट्रॅफिकमध्ये तीन तास अडकलात तर गाडी बंद पडते आणि बायकापोरं उकाड्यात अडकतात, थंडीत तर गाडी चालूच होत नाही, अमेरिकेचा व्हिडिओ बघा, दर दीडशे किलोमीटरला दोन-तीन तास चार्जिंग. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘शहरात फिरवायला ठीक, गावाला न्यायला कामाची नाही.’

मी पुण्याहून सावंतवाडीजवळच्या आमच्या गावी इलेक्ट्रिक गाडीनेच जातो. बॅटरी ४५ किलोवॉट-तासांची, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत ४५ युनिटची. मेसेज पाठवणारे सगळे माझ्या घरचे, ओळखीचे. त्यांना कुणाला फसवायचं नाही, काळजीपोटी पुढे पाठवतात. म्हणूनच एकेक मुद्दा नीट घ्यावासा वाटला. त्यातला एक बऱ्यापैकी खरा आहे. आणि खरी तक्रार ज्या गोष्टीची करायला हवी, तिचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही.

पहिला मुद्दा, निम्म्या रेंजचा. आधी तो छापील आकडा येतो कुठून ते बघू. गाडी रोलरवर चढवतात आणि ठरवून दिलेल्या चक्राप्रमाणे चालवतात. आपल्याकडच्या चक्राचं नाव ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’. लघुरूप एमआयडीसी, पण औद्योगिक वसाहतीशी त्याचा संबंध नाही. या चक्राचे दोन भाग. शहरी भागात वेग ५०च्या वर जात नाही, दुसऱ्या भागात तो जेमतेम ९०ला टेकतो. पूर्ण चक्राचा सरासरी वेग ताशी तिशीच्या आसपास. एसी बंद. पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांना एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचं आवार माहीत असतं. असं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांपैकी ती एक. आकडा खोटा नसतो. दोन गाड्यांची एकाच मापाने तुलना करण्यासाठी तो असतो. तो हायवेचा आकडा म्हणून वाचला की फसगत होते, आणि शोरूममध्ये तो तसाच वाचू दिला जातो, याचा मला राग आहे. नेक्सॉनच्या ४५ युनिटच्या मॉडेलचा प्रमाणित आकडा ४८९ किलोमीटर. त्याच गाडीसाठी टाटा मोटर्स ‘सी७५’ नावाचा दुसरा आकडाही देते, म्हणजे ७५ टक्के ग्राहकांना प्रत्यक्षात मिळावा असा. तो साडेतीनशेच्या आसपास आहे. गिऱ्हाइकाला आधी हा आकडा सांगायला हवा.

आता हायवे. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. माझ्या गाडीचा चार माणसं, सामान आणि एसी धरून ढोबळ हिशोब असा आहे: ताशी ८०ने शंभर किलोमीटरला १४ युनिट, १००ने १८ युनिट, १२०ने २३ युनिट. म्हणजे तीच बॅटरी ८०ने जाणाऱ्याला ३२० किलोमीटर नेते, १००ने जाणाऱ्याला २५० आणि १२०ने जाणाऱ्याला दोनशेच्याही आत. तेव्हा ‘निम्मीही रेंज नाही’ हे १२०ने गाडी हाकणाऱ्याच्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे. ८०-९०ने जाणाऱ्याच्या बाबतीत ते साफ चूक आहे. मेसेजमध्ये वेगाचा आकडा कुठेच नाही, आणि वेगाशिवाय रेंज सांगणं म्हणजे पगार न सांगता ‘घर परवडत नाही’ म्हणण्यासारखं आहे.

आपली गफलत होते ती पेट्रोलच्या सवयीमुळे. ‘हायवेला ॲव्हरेज वाढतं’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पेट्रोलच्या इंजिनात बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, आणि शहरात सिग्नलला थांबून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत ही नासाडी आणखी वाढते. हायवेला इंजिन बरं चालतं, म्हणून ॲव्हरेज सुधारलेलं दिसतं. इलेक्ट्रिक मोटरचं तसं नाही. ती शहरातही काटकसरीने चालते, ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळवते. त्यामुळे तिचं ॲव्हरेज शहरात चांगलं आणि हायवेला कमी. गाडी बिघडलेली नाही, आपला अंदाज उलटा लागतो.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. म्हणजे माझी अख्खी बॅटरी पाच लिटर पेट्रोलच्या बरोबरीची. पाच लिटरमध्ये पेट्रोलची गाडी किती जाईल? ७५, फार तर ९० किलोमीटर. ही अडीचशे-तीनशे जाते. गाडी उधळी नाही, तिची टाकी छोटी आहे. छोट्या टाकीत छोटी चूकही दिसते: टायरमध्ये हवा कमी, टपावर कॅरिअर, पावसात ओला रस्ता, समोरून वारा. पेट्रोलच्या गाडीतही हे सगळं खर्ची पडतं, पण चाळीस लिटरच्या टाकीत ते जाणवत नाही.

एसीचा मुद्दा. गाडी एकदा थंड झाली की एसीला तासाला एक-सव्वा युनिट लागतं. ताशी ९०ने जाताना त्याच तासाभरात गाडी चालवायला चौदा-पंधरा युनिट लागतात. हिशोब करा, सात-आठ टक्के. अर्धी रेंज नव्हे. हा समज शहरातून आला असावा. तासाभरात वीस किलोमीटर रांगत गेलात तर गाडीला दोनच युनिट लागतात आणि एसीचं सव्वा युनिट डोळ्यांत भरतं.

घाटाबद्दल मात्र जरा जास्त लिहितो, कारण कोकणात जाणाऱ्याची मुख्य धास्ती हीच असते. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना आपण साधारण साडेपाचशे मीटर वर येतो. माणसांसकट अठराशे किलोची गाडी तेवढी उचलायला पावणेतीन युनिट लागतात, मोटरची घट धरून तीन. ४५तले तीन, म्हणजे सहा-सात टक्के. चढताना स्क्रीनवर आकडा भराभर उतरतो हे खरं, आणि पहिल्या वेळी पोटात गोळा येतो हेही खरं. पण घाट संपला की ते थांबतं. आणि उतरताना यातलं बरंचसं परत मिळतं, जे पेट्रोलवाल्याला कधीच मिळत नाही.

मागच्या खेपेला मी आंबोलीचं नीट बघून ठेवलं. धबधब्यापाशी गर्दी होती, धुकं होतं, वायपर चालू होते. आंबोली गावात स्क्रीनवर ४३ टक्के. तिथून रीजन, म्हणजे वेग कमी होताना वीज बॅटरीत परत भरण्याची सोय, सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवलं आणि ब्रेकवर पाय जवळजवळ ठेवलाच नाही. एकेका वळणावर मागच्या एसटीला वाट देत खाली आलो. दाणोलीला साटम महाराजांच्या समाधीपाशी गाडी लावली तेव्हा आकडा होता ४६. शेजारच्या सीटवर आई होती. तिने दोनदा विचारलं, “वाढलं कसं काय रे?” एक खबरदारी मात्र हवी. घाटमाथ्यावर मुक्काम करून शंभर टक्के चार्ज केलीत आणि तशीच घाट उतरायला लागलात, तर परत आलेली वीज ठेवायला बॅटरीत जागा नसते आणि रीजन जवळपास लागत नाही. वर राहिलात तर नव्वदवर थांबवा.

ट्रॅफिकमध्ये अडकण्याचा मुद्दा तर सरळ उलटा आहे. उभ्या गाडीत मोटर फिरत नाही. एसी आणि बाकी विजेची कामं धरून तासाला दीड युनिट समजा. बॅटरी चाळीस टक्के असेल तर १८ युनिट हातात आहेत, म्हणजे बारा तास. सलग सुट्ट्यांत खंडाळ्याला तीन तास अडकलात तर साडेचार युनिट जातील, पोरं गारव्यात झोपतील आणि धूरही नाही. पेट्रोलची गाडी एसी लावून उभी ठेवली तर तासाला पाऊण ते एक लिटर जळतं. दहा टक्क्यांवर घाटात शिरलात तर मात्र काळजी करायलाच हवी, जशी पेट्रोलचा काटा लाल रेघेवर असताना करतो तशी.

थंडीचं पटकन सांगतो. तो व्हिडिओ शिकागोचा, जानेवारी २०२४चा. तिथे तेव्हा पारा शून्याखाली वीसच्या आसपास गेला होता आणि चार्जिंगला रांगा लागल्या होत्या. थंडीत रेंज घटते हे खरंच आहे. पण नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांत दहातल्या जवळजवळ नऊ इलेक्ट्रिक होत्या, आणि तिथला हिवाळा आपल्या महाबळेश्वरचा नव्हे. सावंतवाडीला जाणाऱ्याने यावर वेळ घालवू नये.

राहिला चार्जिंगचा. ‘दोन-तीन तास’ हा आकडा सगळ्या चार्जरना एकाच माळेत ओवून काढलेला दिसतो. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर तासाला तीन युनिट भरतात, भिंतीवर बसवलेल्या चार्जरवर सात. रस्त्यावरचा ६० किलोवॉटचा वेगवान (डीसी) चार्जर दहावरून ऐंशी टक्क्यांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत नेतो. ऐंशीच्या पुढे वेग मंदावतो, म्हणून तिथे थांबवून निघायचं. पुणे ते कोल्हापूर २३० किलोमीटर. घरून शंभर टक्क्यांवर निघून, रस्त्याच्या कामांमुळे जागोजागी वळसे घेत, ८५च्या आसपास चालवत कोल्हापुरात पोहोचलो तेव्हा २४ टक्के उरले होते. चार्जरची गन (गाडीत खोचायचा प्लग) लावली, तांबडा-पांढरा जेवलो, परत आलो तर ८० झाले होते. आई बरोबर असताना पेट्रोलच्या गाडीतही मी तेवढाच थांबलो असतो. तिथून निपाणी, आजरा, आंबोली. सावंतवाडीपर्यंत दुसरं चार्जिंग लागलं नाही.

हे सगळं सुरळीत झालं त्या दिवशीचं. त्याआधीच्या खेपेला असं झालं नव्हतं, आणि मेसेज लिहिणाऱ्याने खरं तर हेच लिहायला हवं होतं. ॲपवर ‘उपलब्ध’ दिसणाऱ्या चार्जरवर पोहोचलो तर तीनपैकी दोन गन बंद. तिसरीवर आधीच एक गाडी होती, आणि तिचा मालक पंचाण्णव टक्के झाले तरी हॉटेलात बसलेला. बंद मशीनवर कागद चिकटवलेला, त्यावरचा नंबर लागेना. आमची पाळी आली तेव्हा ॲपने पैसे कापले आणि चार्जिंग सुरूच झालं नाही. पैसे दोन दिवसांनी परत आले, पण आम्ही त्या जागी पावणेदोन तास घालवले, आणि त्यातला चार्जिंगचा वेळ पस्तीस मिनिटांचा. माझी रेंज त्या दिवशीही तेवढीच होती. रेंज चालवणाऱ्याच्या पायाखाली असते, बंद गन नसते. आणखी एक फसवी गोष्ट: काही मशीनना दोन गन असतात आणि दुसरी गाडी लागली की वेग दोघांत वाटला जातो. पाटीवर ६० असतं, तुम्हाला मिळतात ३०. चार्जर बसवला की फोटो निघतात. तो सहा महिन्यांनी चालू आहे का हे विचारायला कुणी येत नाही. जोर लावायचा तर इथे लावू या.

समृद्धीबद्दल वेगळं सांगायला हवं. ७०१ किलोमीटर, गावांना बाजूला ठेवून जाणारा रस्ता, गाड्यांना १२०ची मुभा. इथे इलेक्ट्रिक गाडी १२०ने सोडली की वरचा हिशोब अंगावर येतो. ३०० किलोमीटर १२०ने अडीच तासांत होतात, १००ने तीन तासांत. अर्धा तास वाचला. पण त्यासाठी पंधरा युनिट जास्त गेले, आणि ते भरायला चार्जरवर वीस मिनिटं जास्त उभं राहावं लागलं. चार्जर शोधायला हमरस्ता सोडून खाली उतरावं लागलं तर उरलेली दहा मिनिटंही गेली.

आणि ज्यांनी घेऊ नये त्यांनाही सरळ सांगतो. वीस-पंचवीस युनिटच्या बॅटरीची छोटी गाडी शहरासाठी उत्तम आहे, पण तिच्यावर दर महिन्याला चारशे किलोमीटरचा प्रवास लादू नका. रात्री अकराला निघून न थांबता पहाटे नागपूर गाठणाऱ्यालाही आजच्या घडीला डिझेलच सोयीचं. याला कमीपणा मानायचं कारण नाही.

‘गावाला न्यायला कामाची नाही’ या शेवटच्या ओळीचं उत्तर आमच्या ओटीवर मिळालं. पहिल्यांदा गेलो तेव्हा रात्री चार्जर प्लगला लावला आणि त्यावर लाल दिवा. घराचं अर्थिंग गेलेलं. गाडीला अर्थिंग नीट लागतं, नाहीतर ती वीज घेतच नाही. आमच्या वायरमन दादांनी सकाळी येऊन विहिरीच्या बाजूला नवीन खड्डा खणला, पट्टी पुरली, कोळसा-मीठ घातलं, वर दोन बादल्या पाणी ओतलं. म्हणाले, “तुमच्या गाडीने सांगितलं म्हणून कळलं. फ्रीजचा शॉक लागत होता ना वहिनींना, तो यामुळेच.” त्या रात्री नऊला प्लग लावला तेव्हा ३८ टक्के होते. सकाळी सातला, आई तुळशीला पाणी घालत होती तेव्हा, हिरवा दिवा आणि स्क्रीनवर १००.