फ्रिज घरी फोडून तांबं काढायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

दिवाळीची साफसफाई जवळ आली की एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरू लागतो. म्हणणं थोडक्यात असं: जुना फ्रिज, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह भंगारवाल्याला देऊ नका, तो लुटतो. घरीच खोला. मोटरमध्ये किलोकिलोनं तांबं निघतं, बोर्डावर सोनं असतं, वायर जाळली की तांबं मोकळं होतं, फ्रिजचा गॅस आपोआप उडून जातो. हे वाचून कुणी खरंच पाना-करवत हातात घेतली तर जिवावर बेतेल, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी तांबं. फ्रिजच्या वजनात मोठा वाटा पत्र्याचा आणि कॉम्प्रेसरच्या लोखंडाचा, मग प्लॅस्टिक आणि फोम. मागची काळी जाळी बहुधा लोखंडी नळीची असते, फ्रीझरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा. तांबं उरतं ते कॉम्प्रेसरच्या मोटरमध्ये आणि थोड्याशा नळ्यांत. त्या नळ्यांतल्याही काही लोखंडाच्या, वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या. चुंबक लावून बघा, चिकटतो. वाइंडिंगचं, म्हणजे मोटरमध्ये गुंडाळलेल्या तारेचंही तेच. स्वस्त मोटरींत आता सर्रास अ‍ॅल्युमिनियमची तार असते, पण वार्निशमुळे ती तांबूस दिसते. ब्लेडनं जरा खरवडलं आणि आत पांढरी चकाकी दिसली की समजायचं, हे जर्मन, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. भंगारवाला दर सांगण्याआधी हेच बघतो. मेसेज लिहिणाऱ्यानं बघितलेलं नाही.

आता गॅस, आणि सगळ्यात घातक सल्ला हाच आहे. कॉम्प्रेसर म्हणजे वेल्डिंग करून बंद केलेलं पोलादी भांडं. ते कापायला ग्राइंडर लागतो आणि ग्राइंडर म्हटलं की ठिणग्या. अलीकडच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-600ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या शेगडीच्या गॅसचाच भाऊबंद. कॉम्प्रेसरवरच्या स्टिकरवर तसं लिहिलेलं असतं, ज्वालेची खूण असलेला पिवळा त्रिकोणही असतो. बंद बाल्कनीत नळी कापून ग्राइंडर चालवला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. त्याआधीच्या फ्रिजमध्ये आर-134ए. तो पेट घेत नाही, पण वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1430 पट भारी आहे. शंभरेक ग्रॅम सोडून देणं म्हणजे दीडशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं. त्याहून जुन्या फ्रिजमध्ये ओझोन खाणारा आर-12 मिळतो. गॅस उडून जातो खरा, पण नाहीसा होत नाही.

मायक्रोवेव्हबद्दल एकच सांगते: उघडू नका. आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, दोन हजार व्होल्टच्या घरात चालतो आणि प्लग काढल्यावरही त्यात चार्ज शिल्लक राहू शकतो. जाणकार मेकॅनिकही तो डिस्चार्ज केल्याशिवाय आत हात घालत नाही.

सोनं? वॉशिंग मशीनच्या बोर्डावर ते नावालाच असतं. मोबाइल आणि संगणकांत जास्त असतं, तरी एका मोबाइलमधलं सोनं ग्रॅमच्या काही शतांशांपुरतंच. ते काढायला नायट्रिक अ‍ॅसिड वापरलं की तपकिरी धूर निघतो, आणि त्या धुरानं काही तासांनी फुफ्फुसांत पाणी भरू शकतं. उत्तर प्रदेशात मुरादाबादला रामगंगा नदीच्या काठी बोर्ड जाळून, धुऊन धातू काढणाऱ्यांनी नदी कशी प्रदूषित केली, हे एव्हाना जगजाहीर आहे.

वायर जाळण्यात तर पैशाचंही नुकसान आहे. जळालेलं तांबं काळवंडतं आणि सोललेल्या लख्ख तारेपेक्षा त्याला कमी दर मिळतो. वर वायरीवरच्या पीव्हीसी प्लॅस्टिकच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन ही विषं. पकडीनं वायर सोला, वेळ लागेल तेवढाच.

राहिला भंगारवाला. काटा मारणारे असतात, मान्य. मग दोघा-तिघांना भाव विचारा, वजन समोर करून घ्या. पण चौथ्या मजल्यावरून फ्रिज पाठीवर उतरवायचा, फोडायचा, लोखंड, बीड (ओतीव लोखंड), जर्मन, तांबं वेगळं करायचं, प्रत्येकाचं गिऱ्हाईक शोधायचं, या मेहनतीचे पैसे तो घेतो. त्याला सरसकट लुटारू म्हणणं मला फार लागतं. पुण्यात कचरावेचकांनी 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली ती ही मेहनत काम म्हणून मोजली जावी यासाठीच. मात्र पुढच्या साखळीत वायर जाळली जाते, गॅस सोडला जातो, हेही खरं. म्हणून 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले; त्यांत उपकरणांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. फ्रिज, एसी, मायक्रोवेव्ह न फोडता अख्खे नोंदणीकृत केंद्राकडे द्या किंवा एक्स्चेंजमध्ये घाला. नवीन घेताना दुकानदाराला विचारा, जुना पुढे कुठे जातो.

हात शिवशिवत असतील तर पंखा, मिक्सर, इस्त्री खोला, त्यांत गॅस नाही. त्यातही पंखा आधी वाइंडिंगवाल्याला दाखवा. बऱ्याचदा तो पुन्हा चालू होतो. आणि जुना फ्रिज चार दिवस जिन्याखाली ठेवावा लागला तर त्याचं दार काढून ठेवा. लपाछपी खेळणारं मूल आत अडकलं तर त्याला आतून दार उघडता येईलच असं नाही.